बाळंतिणीच्या घरात गोळीबार

भोकरदन,
ता. १० ऑगस्ट १९५०

प्रिय नीला,

मुलगी झाली. परवा मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. दोघी सुखरूप आहेत. पोर सावळी आहे, डोक्यावर भरपूर जावळ आहे आणि आवाज असा की आमच्या गल्लीतली कुत्रीही गप्प बसतात. हे सगळं पहिल्याच चार ओळींत लिहिते आहे, कारण त्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. आता पाणी पी आणि निवांत बस. पत्र घेऊन आलेल्या आमच्या गल्लीतल्या भुजंगला चहा दे, पण गोष्ट त्याच्या तोंडून ऐकू नकोस. त्याच्या गोष्टीत आत्तापर्यंत वीस रझाकार झाले आहेत, जालन्याला पोचेपर्यंत पन्नास होतील. खरी हकीकत मी सांगते. 

प्रेमलाला इकडे पाठवताना तू चिठ्ठी लिहिली होतीस, ‘अक्का, माझे गुडघे धरलेत, या खेपेला तूच बघ.’ मी ती दोनदा वाचली. जिने दोन्ही खेपांना पोटच्या पोरीचं बाळंतपण स्वतः केलं, ती तिसऱ्या खेपेला गुडघ्यांसाठी तिला काकूकडे धाडेल? पहिलं बाळ रडलंच नाही, दुसरं दोनच दिवस राहिलं. त्याचा धसका तू घेतला असशील, एवढंच मला वाटलं होतं. मग प्रेमलाने सांगितलं, की निघताना तू तिची ओटीसुद्धा शेजारणीकडून भरवलीस आणि म्हणालीस, ‘माझा हात लागला की वाईट होतं.’ नीला, त्या रात्री मला झोप लागली नाही. तू कशाला भितेस ते मला कळलं होतं. पण कागदावर कसं लिहावं ते कळत नव्हतं. आता मंगळवारानेच ते सोपं करून टाकलंय.

चार दिवस झड लागली होती. हे जावईबापूंना निरोप द्यायला जाफराबादला गेलेले आणि पाण्यामुळे तिकडेच अडकलेले. पहाटे प्रेमलाच्या कळा सुरू झाल्या. मी पोत्याची खोळ घेऊन स्वतःच धावत जाऊन सरदारबी सुईणीला आणलं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पोलीस ॲक्शनच्या सप्टेंबरपासून ती म्हातारी आपली गल्ली सोडून फारशी निघत नाही. पण माझा चेहरा बघून काही न विचारता गाठोडं उचलून आली. आल्या आल्या म्हणाली, “पानी गरम कर गे माँ, भोत पानी होना!” आणि इथे परसातलं सगळं सरपण भिजून चिंब! गोवऱ्यांचा लगदा झालेला. काड्यांची अर्धी पेटी संपली. चुलाण्यावर हंडा थंडगार आणि आतून प्रेमला ओरडतेय. घरात कोरडं असं एकच होतं. ह्यांनी गोठ्याच्या छपरासाठी आणलेले बांबू, पडवीत आडव्या वाशाला टांगलेले.

तू वाचतानाच देवाचं नाव घेतलं असशील. मीही घेतलं होतं. बांबू चुलीत घालायचा नाही, घातला तर वंश बुडतो. फुटकं सूप, तुटकी टोपलीसुद्धा आपण उकिरड्यावर टाकतो, जाळत नाही. कुऱ्हाड हातात घेऊन मी पडवीत उभी राहिले आणि आतून सरदारबीची हाक आली, “पानी लाती के नई गे?” मग मी काही विचार केला नाही. चार बांबू उतरवले, हात-हातभर तुकडे केले आणि चुलाण्यात कोंबले.

आणि नीला, धाड! असा बार झाला, की हंड्यावरचं झाकण उडालं आणि मी मटकन खाली बसले. वाटलं, आपल्या सासूबाई स्वर्गातून ओरडल्या. लगेच दुसरा बार, तिसरा. या गावात कुणीच कधी बांबू जाळलेला नाही, तेव्हा तो जळताना कसा वाजतो हे माहीत तरी कुणाला असणार? आत गेले तर प्रेमला घाबरून मला घट्ट धरून बसली. पण सरदारबी जागची हलली नाही. बाहेर काय फुटतंय हेही तिने विचारलं नाही. म्हणाली, “डर मत बेटी. अब के आवाज आया तो जोर लगा.” आणि खरंच सांगते, दर बाराला पोरीने जोर केला. सातवा बार झाला आणि बाळ आलं. पण आलं ते गप्प. निळसर. सरदारबीने उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. प्रेमला विचारतेय, “काकू, का रडत न्हाई? काकू, सांग की!” मी भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात बुंध्याकडचा जाडजूड तुकडा असा फुटला, की भिंतीवरचं पंचांग खाली पडलं. आणि पोरीने टाहो फोडला. बाराने रडली की सरदारबीच्या थापटीने, देव जाणे. सरदारबी म्हणते, दोघांची निम्मी-निम्मी मेहनत.

आम्ही तिघी रडत होतो, हसत होतो आणि दारावर धडाधडा काठ्या. “रमावैनी, दार उघडू नका! म्हंजे उघडा! कोण हाय घरात?” हा भुजंग. त्याने गल्ली गोळा करून ठाण्यावर वर्दी दिली होती, की मार्तंडरावांच्या, म्हणजे आपल्याच, घरात रझाकार शिरलेत आणि गोळ्या चालवून राह्यलेत. दार उघडलं तर चार शिपाई बंदुका रोखून आणि मागे नवे फौजदार, निथळत. भुजंग त्यांच्याही मागे. तो सांगत होता, “आठ बार मोजले साहेब, बिलकुल बंदुकीचे. सकाळीच सरदारबी गाठोडं घेऊन आत गेल्ती, तवाच मला शक आल्ता.” हे ऐकून माझं डोकं फिरलं. पण माझ्या आधी सरदारबीच उंबऱ्यात आली, हात अजून भरलेले. म्हणाली, “गठडी देखना है? देख. धागा, पाता, तेल. तेरेकू बी मैंच निकाली भुजंग्या, तब बी ऐसाच गाँव गोळा करा था तू.” शिपाईसुद्धा फिदीफिदी हसले. भुजंगाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुझ्यापर्यंत हे पत्र घेऊन येणं, ही त्याची शिक्षा आहे.

फौजदार परसात गेले, चुलाण्यात डोकावले आणि कपाळावर हात मारून घेतला. ते चांद्याकडचे. म्हणाले, “बाई, आमच्याकडं जंगलात वणवा लागला का रातभर हेच बार ऐकतो आमी. पेरात कोंडलेली हवा तापली का फुटते, दुसरं काही नाही.” मग त्यांनी टोपी काढली, पोरीकडे लांबूनच पाहिलं आणि कागदावर काय लिहावं ते सुचेना म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, लिहा, घरात एक नवीन माणूस सापडलं.

गर्दी पांगली तरी भुजंगची आई, झुंबरबाई, मागे राहिली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “रमाबाई, बांबू जाळला तुमी? बाळंतिणीच्या घरात?” मी म्हटलं, जाळला, आणि बघा काय निघालं.  आणि मला, नीला, तेवीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. सासूबाईंना चुलीच्या राखेत बांबूच्या दुरडीच्या जळक्या कामट्या सापडल्या होत्या. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झालेली, कूस रिकामी. त्यांनी कामट्या माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाल्या, आता कळलं, कूस का उजवत नाही ते. पुढे मरेपर्यंत त्या हेच म्हणत राहिल्या. ह्यांना दुसरी करा म्हणाल्या. ह्यांनी ऐकलं नाही, हे माझं नशीब. मी कधीच काही बोलले नाही. तू त्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होतीस. तुला दिवस गेले होते, प्रेमलाच्या वेळचे, हे तोवर घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. ती दुरडी तू घातलीस. मी पाहिलं होतं. विस्तव पेटत नव्हता, सासूबाई चहासाठी ओरडत होत्या, तू सोळा वर्षांची होतीस आणि हाताला लागलं ते तू चुलीत ढकललंस. मी सांगितलं असतं, तर त्या घरात पोटुशी पोर जगू शकली नसती. माझं काय जायचं होतं? मी तेव्हाच ते पोटात घातलं. तूही बोलली नाहीस, आणि मला वाटलं, विसरली असेल. तू विसरली नव्हतीस. पोरीची दोन्ही बाळं आपल्या हातांनी नेली, असं मनाशी धरून बसलीस. वेडे, जाळलंस तू आणि तीन लेकरं झाली तुला. मी काडीही जाळली नाही, तर मला एकही नाही. आणि परवा मी चार अख्खे बांबू जाळले, तर तुझी नात जन्माला आली. तुझ्या हातांत काहीही नाही, नीला, दुखऱ्या सांध्यांशिवाय. हे काल कसेबसे परतले, रविवारी पाणी उघडेल असं म्हणतात. सोमवारच्या सकाळच्या मोटारीने ये. राजूरच्या गणपतीला खिडकीतूनच हात जोड, उतरू नकोस. पोरीला न्हाऊ-माखू घालायला सरदारबी येते, पण तिचे हात आता थकलेत. मी तिला सांगून टाकलंय, की मंगळवारपासून मुलीची आजीच आंघोळ घालणार आहे. मला तिच्यापुढे खोटं पाडू नकोस.

तुझीच,
रमाक्का