एक शिकारी, एक धनुष्य आणि सुटलेली लांडगी

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, राहणार आईवडिलांच्या घरी मागच्या खोलीत, धंदा पितळी पाट्यांवर नावे कोरणे, शिक्षण नववीपर्यंत, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल आईचे मत वेगळे आहे.

कारण असे की येत्या गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी चालत घरी जाल. पण सहीसाठी दिलेल्या कागदावर भूल देताना जिवाला धोका होऊ शकतो असे छापले आहे. मी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे कोणी वाचत नाही. नुसती सही करा." पण पितळेत एक अक्षर चुकले तर अख्खी पाटी वाया जाते. न वाचता काही करायची मला सवय नाही.

आई म्हणाली, "हर्नियाने आजवर कोणी मेलंय का? तुझ्या आजोबांना होता. नव्वदीपर्यंत सगळ्यांशी भांडत जगले."

"लिहून ठेवलं तर बिघडतं काय?"

"लिही बाबा. तेवढाच वेळ गप्प बसशील."

कलम १. बँकेतली माझी बचत आईला द्यावी. तिने ती माझ्या आठवणीसाठी म्हणून कुठेही वाटू नये. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जावे. 'बघू पुढच्या महिन्यात' हे उत्तर या कलमाखाली चालणार नाही.

कलम २. माझ्या छिन्न्या, भिंग आणि अक्षरांचे साचे दुकानाच्या मालकांना द्यावेत. त्यांनीच मला हे काम शिकवले. मात्र त्यांच्या खणात पडलेली लाकडी मुठीची छिन्नी मुळातच माझी आहे, हे इथे नोंदवतो. ते नाही म्हणतील. मुठीच्या तळाशी माझे अक्षर कोरले आहे, ते सर्वांनी पाहून घ्यावे. पाहून झाल्यावर छिन्नी त्यांनीच ठेवावी.

कलम ३. मागच्या खोलीतल्या खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे. तो कचरा समजून झाडू नये.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. ती हातात धरता येत नाही, म्हणून आईला समजेल असे लिहितो. कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. ठिकठिकाणची माणसे एकाच वेळी त्यात वावरत असतात. त्यात माझा एक शिकारी आहे. सुरुवातीला त्याच्याकडे एक वाकडे धनुष्य आणि फाटकी बंडी होती. गावाबाहेरची रानडुकरे मारायची, कातडी विकायची, बाण घ्यायचे, पुन्हा डुकरे. पुरेसे काम झाले की अंगाभोवती सोनेरी उजेड पडतो आणि लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की पुढच्या प्रदेशात पाऊल टाकायची छाती होते.

नकाशा आधी सगळा राखाडी असतो. आपण जिथे चालू तेवढाच रंगतो. मी बोरूच्या दलदलीतून, मिठाच्या पठारावरून, काजव्यांच्या जंगलातून चाललो आणि प्रत्येक प्रदेशाचा कोपरान्कोपरा रंगवूनच पुढे गेलो. मागे काही राहिले असे वाटले की मला जेवण जात नाही. बर्फाच्या खिंडीपलीकडचा प्रदेश तेवढा अजून राखाडी आहे.

तलवारवाला का नाही घेतलास, असे पुष्कळ जण विचारतात. मला लांबून लढलेले बरे वाटते. शिकाऱ्याने आधी बघायचे, मग सापळा मांडायचा, पळायची वाट ठरवायची आणि त्यानंतरच बाण सोडायचा. माझ्या स्वभावाला इतके जुळणारे दुसरे काही मला आजवर सापडलेले नाही.

शिकाऱ्याला एक जनावर माणसाळवता येते. माझी एक लांडगी होती. ही जात फक्त बर्फाच्या खिंडीत आणि तीही क्वचितच दिसते. तिच्यासाठी मी कित्येक रविवार खिंडीत नुसता बसून काढले. तिचा डावा कान अर्धा तुटलेला, म्हणून मी तिचे नाव अर्धी ठेवले. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर तिच्या नावाची बोटभर पाटीही कोरली. ती कॉम्प्युटरच्या पडद्याखाली टेकवलेली आहे. माझ्या पश्चात ती वितळवावी आणि पितळ दुकानात जमा करावे.

खेळाच्या नियमाप्रमाणे माझा शिकारी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. (ते नियमही कोणी वाचत नाही. मी वाचले आहेत.) वस्तू मात्र खेळातल्या टपालाने पाठवता येतात. म्हणून माझे धनुष्य वैद्याला द्यावे. वैद्य म्हणजे खेळातला माझा सोबती. त्याचा खरा चेहरा मी पाहिलेला नाही. मला लागले की तो मंत्र टाकून बरे करतो आणि वर म्हणतो, "जरा बघून चाल ना रे." वैद्याला धनुष्य चालवता येत नाही. त्याने ते विकून टाकावे.

कलम ५. माझ्या वडिलांना वरीलपैकी काहीही मिळू नये.

कारण नोंदवतो. दोन महिन्यांपूर्वी एका नव्या इमारतीच्या पाट्या बसवायला मी आठवडाभर बाहेरगावी होतो. अर्धीला रोज मांस घालावे लागते, नाहीतर ती रुसते. बाबा आयुष्यभर ट्रक चालवून आता घरीच असतात. मी त्यांना सगळे दाखवून गेलो. रोज एकदा, मांस. बाबांनी दिवसातून तीनदा घातले. पिशवी लवकरच रिकामी झाली. मग त्यांनी तिला पाव दिला. लांडगी पाव खात नाही. तिच्या चित्राशेजारचा, रुसवा दाखवणारा छोटा चेहरा लाल झाला. बाबांनी घाबरून तिच्यावर क्लिक केले, तिथे 'मोकळे सोडा' असे आले, आणि बाबांनी तिला मोकळे सोडले.

"खात नव्हती रे," ते मी आल्यावर म्हणाले. "तोंड पाडून बसली होती. म्हटलं, उपाशी ठेवण्यापेक्षा जाऊ दे तिच्या घरी."

"बाबा, तिला घर नसतं. ती पुसली गेली."

"पुसली कशी? पळत गेली की! मी बघितलं ना. मागे वळूनसुद्धा बघितलं तिने."

मी कंपनीला लिहिले. उत्तर आले की स्वखुशीने सोडलेले जनावर परत मिळत नाही. त्या जातीची दुसरी लांडगी धरता येईल, पण ती अर्धी नव्हे. तेव्हापासून मी खेळ उघडलेला नाही आणि बाबांशी कामापुरते बोलतो. "किल्ली कुठे आहे", "गॅस संपलाय", एवढेच.

याच कारणाने बाबांना साक्षीदार नेमत आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या. त्यामुळे आई बाद, दुकानाचे मालकही बाद. मी जेवताना बाबांना सांगितले, "साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. तुम्हाला त्यात काही नाही, त्यामुळे चालेल."

आईने हातातला डाव पातेल्यात आपटला. "शोभतं का रे हे बोलणं?"

"अगं, नियमच असेल तसा," बाबा म्हणाले. मग मला विचारले, "पेन निळं लागेल की काळं?"

कलम ६. हे कलम तीन दिवसांनी लिहीत आहे. कलम चारमधल्या वस्तूंची यादी बिनचूक व्हावी म्हणून आज दुपारी दुकानातून लवकर येऊन मी खेळ उघडला. बाबा भाजी आणायला गेले होते. पडद्यावर, माझ्याच खात्यात, माझ्या शिकाऱ्याशेजारी दुसरा एक शिकारी उभा होता. पांढऱ्या मिशा, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. नाव, ट्रकवाला.

मी त्यालाच निवडून खेळात शिरलो आणि त्याची पिशवी उघडून पाहिली. त्यात औषध नव्हते, दोरी नव्हती, जास्तीचे बाणही नव्हते. सगळ्या कप्प्यांत मांसच भरले होते. नकाशा पाहिला. माझा नकाशा सतरंजीसारखा पुरता भरलेला असतो. याच्या नकाशावर फक्त रेघा होत्या. पहिल्या गावापासून दलदलीच्या बांधावरून, पठाराच्या कडेने, जंगलाच्या वाटेने थेट खिंडीच्या पायथ्यापर्यंत. रस्ता सोडून हा माणूस एक पाऊलही बाजूला गेला नव्हता. खेळात उडती वाहने आहेत. तीही घेतली नव्हती.

एवढ्यात वैद्याचा निरोप पडद्यावर उमटला. तो असा:

"काका, आलात का? आज अस्वलं खाली आली आहेत, जपून."

मी लिहिले, "काका नाही, मी आहे."

"अरे! होतास कुठे दोन महिने? हे काका तुझे कोण?"

"वडील."

"वाटलंच. पहिल्या दिवशी गावच्या चौकात येऊन सगळ्यांना लिहीत होते, 'नमस्कार मंडळी, कान तुटलेली लांडगी कोणी पाहिली आहे काय? मुलाची आहे.' पोरं हसली. मग एकाने सांगितलं, ती खिंडीत मिळते, पण तुमची लेव्हल एक आहे. तर म्हणाले, 'मग वाढवतो.'"

मी नकाशावरची ती रेघ पुन्हा एकदा पहिल्या गावापासून पाहिली.

"खिंडीतली अस्वलं रोज त्यांचा एका फटक्यात निकाल लावतात," वैद्याने पुढे लिहिले. "हे उठतात, पुन्हा चढतात. मी म्हटलं, काका, अजून लेव्हल पुरत नाही. तर म्हणाले, 'घाट आहे बाळा, पहिल्या गिअरवरच चढायचा.'"

"धरलेलं जनावर दुसऱ्याला देता येत नाही, हे सांगितलंस का त्यांना?"

उत्तर आले, "तूच सांग. माझ्याच्याने नाही झालं."

दार वाजले. बाबा भाजीची पिशवी घेऊन आत आले. मी पडदा बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कॉम्प्युटरकडे, आणि म्हणाले, "भेंडी कोवळी मिळाली आज."

कलम ७. कलम पाच रद्द समजावे. कलम चारमधले धनुष्याचे आणि पाटी वितळवण्याचे वाक्यही रद्द. वैद्याने राग मानू नये, तो ते विकणारच होता. पाटीवर चूक झाली की नवी पाटी घ्यावी लागते. कागदावर रेघ मारून शेजारी सही केली की भागते. ही सोय मी वापरत आहे.

कलम ८. माझे धनुष्य ट्रकवाला या शिकाऱ्याला, म्हणजे माझ्या वडिलांना द्यावे. ते ओढायला आणखी काही लेव्हल लागतील. तोवर खांद्याला लटकवून ठेवावे, अस्वलांना काय कळते. त्यांनी पिशवीतला एक कप्पा तरी औषधासाठी रिकामा करावा. दोन्ही पायांत बूट घालावेत.

बाबा, नियम असा आहे की तुम्ही धरलेली लांडगी मला देता येत नाही. ती तुमच्याच मागून चालेल. हे कोणी तुम्हाला सांगितले नाही, कारण कोणाच्याने सांगवले नाही. तरीही खिंड चढा. खिंडीत रस्ता डावीकडे वळतो तिथे रस्ता सोडा. हो, सोडा. उजवीकडे गोठलेला झरा आहे, त्याच्या वर एक सपाट दगड आहे. तिथे बसून राहा. ती येते.

लांडगी देता येत नाही, पण नाव माझे आहे आणि ते मला देता येते. अर्धी हे नाव मी वडिलांना देत आहे. त्यांच्या लांडगीला ते ठेवावे. दुसरी लांडगी म्हणजे अर्धी नव्हे, असे मी वर लिहिले आहे. ते वाक्य तसेच राहू दे, पण त्याला धरून बसू नये. पितळी पाटीही त्यांचीच. दिवसातून एकदाच जेवू घालावे.

कलम ९. मी सुखरूप घरी आलो तर हे मृत्युपत्र रद्दबातल ठरेल. त्यापुढचे तोंडी ठरले आहे. ते असे. आज संध्याकाळी बाबा चष्मा लावून, निळे आणि काळे अशी दोन्ही पेने घेऊन सही करायला आले. साक्षीदारांच्या ओळीवर त्यांची नजर थांबली.

"रेघ मारलीस?"

"हो."

"सहीसुद्धा नको माझी?"

"बाबा, ज्याला मिळतं त्याची सही चालत नाही."

ते थोडा वेळ पेनाचे टोपण लावत उभे राहिले. एका टोपणाला किती वेळ लागावा.

"मला काय आहे त्यात?"

"ते मी मेल्यावर कळेल."

"आणि नाही मेलास तर?"

"तर शुक्रवारी संध्याकाळी खिंडीच्या पायथ्याशी. मला काही दिवस नुसतं बसूनच राहायचंय. गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी क्लीनर."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मांस आहे माझ्याकडे भरपूर," ते म्हणाले.

"माहीत आहे."

वरील सर्व मजकूर मी पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर वाचला असून तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

स्थळ: घर, मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार

(सही) पाट्या कोरणारा

साक्षीदार पहिला: (सही) नर्सबाई, खालचा मजला
साक्षीदार दुसरा: (सही) नर्सबाईंचे यजमान, निवृत्त पोस्टमन

खाडाखोडीची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराच्या ओळीतले वडिलांचे नाव मी स्वतः खोडले आहे. ते वारस आहेत.