जिभेची कड

बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं.

गेल्या महिन्यात कॅन्सरचं ऑपरेशन चालू असतानाच तुमच्या जिभेचा कापलेला तुकडा तपासायला लॅबमध्ये माझ्याकडे आला. सासरच्या आडनावामुळे आपलं नातं कुणाच्या लक्षात आलं नाही. याच जिभेने तुम्ही आईला सोलून काढायचात आणि तिने उलट उत्तर दिलं की पट्टा उपसायचात. बकलाने ओठ फाटून तिला बोलता येईना, तेव्हाही म्हणाला होतात, "शिवायचंच आहे तर सगळं तोंड शिवून घे." तुकड्याचे काप करताना मी सुरी गरजेपेक्षा जोरात दाबली.

नेहमीच्या रंगात बुडवलेल्या कापांवर तुकड्याची कड स्वच्छ दिसली, म्हणजे कॅन्सर सगळा निघाला असं. तेवढंच कळवलं असतं, तर तुमची अर्धी जीभ वाचली असती आणि आजार आत राहिला असता. पण मी संशोधनासाठी वापरते त्या नव्या रंगात एक कोपरा चमकला. त्या रंगावर अजून कुणी निर्णय घेत नाही. मी गप्प बसले असते, तरी चाललं असतं. मी तिथूनच आणखी एक काप घेऊन नेहमीच्या रंगात पाहिला. कडेलाही कॅन्सर होता.

सर्जन फोनवर म्हणाले, "बाई, नक्की ना? सगळी जीभ जाईल."

"नक्की. काढा."

अहवाल खरा आहे. तुम्ही जगाल. पण 'काढा' म्हणताना मला आनंद झाला, बाबा. पट्टा उचलताना तुमच्या चेहऱ्यावर दिसायचा, तोच.

हे पत्र पाठवणार नाही. उलट बोलू न शकणाऱ्या माणसाला मारायचं, एवढं मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

तुमची,
थोरली