वरच्या फळीवरचे डबे

प्रिय बुटके,

काल फोनवर तू विचारलंस, घाबरलीस का, आणि मी हसण्यावारी नेलं. खोटं होतं ते. ऑपरेशन गुरुवारी आहे आणि सोमवारपासूनच मी घाबरलेली आहे. शिवाय एक गोष्ट फोनवर काही केल्या तोंडून निघत नाही, म्हणून लिहायला बसले.

तयारी जोरात आहे. छातीतली दोन्ही इम्प्लांट काढली की महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणून वरच्या फळीवरचे सगळे डबे मी ओट्यावर उतरवलेत. ते बघून तुझे भावजी विचारतात, घर सोडतोय की दुकान टाकतोय? डोक्यावरून घालायचे कपडेही चालणार नाहीत, तेव्हा त्यांचेच चार जुने शर्ट धुऊन ठेवलेत. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा सराव करते आणि सकाळी मान धरलेली असते. सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डावं फुटलंय, भोवतीचं कडक आवरणही काढावं लागेल. नंतर कशी दिसेन, असं विचारलं तर म्हणाल्या, सैल. एवढंच. मला तिथेच रडू फुटलं. पन्नाशीला टेकले तरी हौस सुटत नाही, बघ.

ही इम्प्लांट बसवून घेतली तेव्हा आई म्हणाली होती, नाकापेक्षा मोती जड झालाय. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नव्हते. मला तोराच तेवढा होता. ही ऑपरेशनं होतात त्याच दवाखान्यात काउंटर सांभाळणारी मी, पण एखादी बाई कचरायला लागली की डॉक्टर मलाच बोलवायचे. मागच्या खोलीत नेऊन मी सरळ बटणं सोडायचे आणि म्हणायचे, हात लावून बघा, काही कळतंय का? कितीतरी जणी माझ्याकडे बघून तयार झाल्या. त्यात तूही. दिवसभर पोहायला शिकवायचं, सगळ्यांसमोर त्या पोशाखात वावरायचं, आणि दोन बाळंतपणांनंतर तुला आरशासमोर उभं राहवेना. तरी तू नकोच म्हणत होतीस. दोनदा उठून दारापर्यंत गेलीस. दोन्ही वेळा मीच तुला हाताला धरून परत बसवलं.

आता ऐक. इम्प्लांटच्या खोक्यात नंबरांची लेबलं येतात. एक फाइलमध्ये लावायचं, एक पेशंटच्या कार्डावर. ते काम माझं. सात आठवड्यांपूर्वी कंपनीचं पत्र आलं की अमुक नंबरांचा माल सदोष निघालाय. डॉक्टर म्हणाले, सावकाश कळवू, तू परस्पर कुणाला फोन करू नकोस. मी माझं कार्ड काढलं. नंबर त्यातलाच होता, म्हणून तर तपासून घेतलं. मग तुझी फाइल काढली. तुझं माझ्यानंतर दोनच महिन्यांनी झालं होतं. बुटके, तुझाही नंबर त्यातलाच आहे. लेबलाशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'माझी बहीण आहे, नीट बघा.'

आणि मी सात आठवडे गप्प बसले. आधी म्हटलं, तुझ्या मुलींची स्पर्धा होऊन जाऊ दे. मग म्हटलं, माझा रिपोर्ट येऊ दे. सगळ्या सबबी. तू माझ्याकडे कशी बघशील, याचीच भीती वाटत होती. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच 'जाऊ दे गं ताई' म्हणाली असतीस आणि मीही ते गोड मानून घेतलं असतं. ते मला नकोय. आता बाकीच्या बायकांनाही मी कळवणार आहे, डॉक्टरांना काय करायचं ते करू देत. पण आधी तुला. म्हणून हे पत्र तुझ्या भावजींच्या हाती देतेय. गुरुवारी माझ्या उशाशी बसायला तू रजा टाकलीस ना? येऊ नकोस. त्याच दिवशी साडेदहाला तुझ्या तपासणीची वेळ घेतली आहे, पत्ता मागच्या बाजूला आहे. शुद्धीवर आल्यावर तू समोर दिसलीस, तर तू तिकडे गेली नाहीस असंच मी समजेन.

तुझीच, तुला परत बसवणारी,
ताई