एकदाच उमटलेला ठोका

रविवार, १२ जानेवारी

प्रिय दादा ऊर्फ निशाचर,

साष्टांग नमस्कार, खुर्चीत बसूनच. तुझ्या दुर्बिणीवरचे ढग हटले का? इकडे आई बरी आहे, माझा खोकला गेला. मी जिथे संशोधनाची नोकरी करते, तिथल्या आमच्या गाईडबाई खूश आहेत. मी बनवलेला छातीवर बांधायचा पट्टा दिवसभर हृदयाचे ठोके टिपतो आणि काही गडबड दिसली की डॉक्टरांना कळवतो. उद्यापासून तो हॉस्पिटलच्या अख्ख्या वॉर्डात सुरू होणार. म्हणजे, होणार होता.

तुझा ताऱ्यांच्या नोंदी साफ करणारा प्रोग्राम मी ठोक्यांना लावला, आठवतं? तू म्हणाला होतास, "मुंगे, एकदाच उमटून गेलं तो कचरा. खरा तारा पुन्हा दिसतो." माझे आलेख कसे लख्ख दिसायला लागले!

पहिला पट्टा बाबांनी हट्टाने मागून घेतला. लेकीचं यंत्र म्हणून शर्टाची बटणं उघडून शेजाऱ्यांना दाखवत फिरले. परवा जेवताना म्हणाले, "अगं, छातीत मधेच काहीतरी फडफडतं." मी जागेवरूनच फोनवर आलेख पाहिला. "सगळं छान आहे बाबा, उगाच नाटकं करू नका." ते ओशाळून हसले आणि पाणी प्यायले.

काल ते जिन्यात कोसळले.

फोन न करता ही मेल लिहितेय, कारण त्यांच्या खाटेशेजारीच बसले आहे आणि "त्याला कळवायचं नाही" असा त्यांचा हुकूम आहे. धोका अजून टळलेला नाही. साफ न केलेली नोंद मी उघडून पाहिली. फडफड तिथे आहे, दादा. दर वेळी एकच चुकार ठोका, आणि दर वेळी मी तो कचरा म्हणून पुसलेला.

बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "एका माणसावरून सगळं थांबवायचं? उद्याचं उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू." माझं डोकंच फिरलं. प्रोग्राम बंद केला आणि वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात साफ केलेली आणि न केलेली, दोन्ही नोंदी ठेवून आले. नोकरीवर पाणी सोडलंय. त्याचं काही वाटत नाही.

तुझ्यावर राग नाही. ताऱ्याला तोंड उघडून सांगता येत नाही. बाबांनी तर सांगितलं होतं.

मिळेल त्या गाडीने निघ. आलास की त्यांना कसं वाटतंय ते विचार, आणि ते बोलतील ते सगळं ऐकून घे. मला अजून विचारायचा धीर होत नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
मुंगी