मामीची लोखंडी कढई

तलवाडा, गुरुवार, जेवणं झाल्यावर

ती कढई काही डोळ्यांपुढून हलेना.

मामाची वैशाली बीडच्या कॉलेजात संशोधन करती. पाण्यातून हायड्रोजन सोडवायला प्लॅटिनम लागतं, ते लई महाग, म्हणून हिनं कापसाच्या पऱ्हाटीचा कोळसा वापरून बघितला. पऱ्हाट्या मी आणल्या. (वाटेत एकाच्या शेळ्या बघत बसलो, ते जाऊ दे.) कोळसा तिनं घरीच केला, मामीच्या कढईत झाकण ठेवून. बुडबुडे असे सुटले की तिचे कॉलेजातले सर खुर्चीवरून उठले म्हणे.

आज सरांचा फोन आला. चिनीमातीच्या भांड्यात केलेला कोळसा थंडच, एक बुडबुडा न्हाई. म्हणजे काम कोळशाचं न्हवतंच, कढईतून उतरलेल्या लोखंडाचं होतं.

मी म्हणलं, "मग लोखंड तर लोखंड! तेच शोध की."

"तेच शोधायचंय, येड्या," ती हसली. "पण त्याला वरीस लागंल. आबा लग्नासाठी दिवाळीपर्यंतच थांबतो म्हणलते."

दिवाळी होऊन गेली. तिचा आबा म्हणजे माझा मामा, शब्दाचा पक्का. अन् माझ्यासारख्या दहावी नापासाचं कोण ऐकतंय?

सांजच्याला पाव्हणे आले, तिला बघायला. मामीनं त्याच कढईत भजी तळली.

"भजी कुणी केली?" पोराच्या बापानं इचारलं.

"वैशालीनं," मामी म्हणाली.

भजी मी पण खाल्ली. चांगली झालती, कशापायी खाल्ली काय माहीत.

पाव्हणे गेल्यावर आत गेलो, तर ती धुतलेल्या कढईचा तळ नखानं खरवडत होती, अन् नख दिव्याकडं धरून बघत होती.