इंजिन उत्तम आहे, तेवढंच नडलं

नागपूर, त्रिमूर्तीनगर
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. यमुताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे मधुसूदनचा, वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, उठताना कामिनीला हाक मारावी लागते एवढंच.) तुझे गुडघे, भाचीबाई मिनलचं ऑफिस आणि नाशिकची हवा हे सगळं ठीक असेल असं धरून पुढे लिहितो. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तू लगेच "बरं, ठेवू?" म्हणतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. पत्र मधेच ठेवता येत नाही. (येतं, पण मला दिसत नाही.)

तर तुझ्या आज्ञेप्रमाणे जिप्सी विकायला काढली. भाऊजी गेल्यापासून गाडी माझ्याच दारात उभी आहे, आणि दसऱ्याला तू म्हणालीस की आता ती कोणाला वापरायची आहे, भिवापूरचे चंपतराव मागताहेत तर देऊन टाक. मी "हो" म्हणालो. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची सवय आईने मला लावलीच नाही. पण ताई, फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीत बसलो. रात्रभर विचार करून मी एक बेत केला. गाडी चंपतरावांना दाखवायची, पण अशी दाखवायची की त्यांनी स्वतःच नको म्हणावं. म्हणजे तुझा शब्दही मोडत नाही आणि गाडीही दारातून हलत नाही. कामिनीला बेत सांगितला तर ती म्हणाली, "तुमच्याच्यानं होणार नाही." तीस-पस्तीस वर्षांचा संसार झाला की बायका फारच थोडक्यात बोलतात.

अडचण अशी की गाडीत खोटच नाही. लोक म्हणतात, एवढंसं इंजिन, त्याने चारही चाकांना जोर द्यायचा, दीड-दोन लाख किलोमीटर झाले की संपलं. आपल्या गाडीने तीन लाख केव्हाच ओलांडले आणि अजून ती धुराची रेघ सोडत नाही. यात जादू काही नाही, सगळे भाऊजींचे नियम. दसरा आणि गुढीपाडवा या दोन सणांना ऑइल बदलायचं म्हणजे बदलायचं, गाडी कितीही कमी चाललेली असो. (पाडव्याला तू श्रीखंड करायचीस आणि आम्ही दोघं काळ्याकुट्ट हातांनी पाटावर येऊन बसायचो. तू रॉकेलने हात धुवायला पाठवायचीस, मग श्रीखंडालाही रॉकेलचा वास यायचा, तरी भाऊजी दोनदा मागून घ्यायचे.) उन्हाळ्यात एअर फिल्टर वरचेवर झटकायचा, कारण नागपूरची धूळ माणसाच्या आधी इंजिन खाते. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस करायची नाही. "आपल्याला कोणी अंथरुणातून उठल्या उठल्या पळवलं तर चालेल का," असं ते विचारायचे, आणि इंजिन गरम होईपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे.

आणि सगळ्यात लाडका नियम म्हणजे महिन्यातून एकदा गाडी मातीत नेऊन चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढायचा, नाहीतर पुढच्या चाकांचं सगळं आतल्या आत जाम होतं. या नियमापायी आपण किती भटकलो ग. बुटीबोरीच्या पलीकडे एखादा कच्चा रस्ता दिसला की भाऊजींना तो तपासावासा वाटायचा. (कृषी खात्यात नोकरी, त्यामुळे कुठल्याही बांधावर त्यांना काम निघायचंच.) तू स्टिअरिंगवर, भाऊजी बाजूला, आणि मी मागे डबे सांभाळत. आपली वाटणीच ठरलेली होती. गाडी घेतली भाऊजींनी, राखली मी, चालवली तू. सीताबर्डीत व्हरायटी चौकात तू नऊवारीत जिप्सी वळवलीस (कुणाचं तरी लग्न होतं, कुणाचं ते आता आठवत नाही) तेव्हा पोलीस शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिला होता. भाऊजींची मान अशी ताठ, की चौक त्यांनीच बांधला असावा. ते दिवस फार चांगले होते ताई. मला ते हल्ली फार आठवतात.

असो. बेतातली पहिली पायरी म्हणजे गाडी मळकी न्यायची. पण सकाळी किल्ली हातात घेतली आणि वाटलं, भाऊजींची गाडी लोकांच्या दारात अशी न्यायची? म्हणून धुतली. धुतल्यावर पुसली. पुसल्यावर कामिनी गॅलरीतून बघत होती, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. उमरेड रोडने मी मुद्दाम तिला हळू हळू नेली, म्हणजे दमलेली वाटावी, तर ती सगळ्या वाटेवर गुणगुणत राहिली. भिवापूरला चंपतराव फाटकातच उभे. भाऊजींनी त्यांच्या वडिलांना मिरचीची रोपं कशी वाढवायची ते शिकवलं होतं, त्यामुळे त्या घरात अजून साहेबांचं नाव निघतं. चहा झाला, आणि ते म्हणाले की शेताच्या वाटेने एक चक्कर मारू.

परतीच्या पावसाने ती काळी माती अशी झाली होती की बूट आत गेला की पाय तेवढा बाहेर यावा. स्टिअरिंगवर चंपतराव. वाटेच्या मधोमध गाडी रुतली. त्यांनी दांडा ओढला, पाय दाबला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि पुढची हललीच नाहीत. आता तुला माहीत आहे की आपल्या जिप्सीत नुसता दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेली गोल चकती हाताने फिरवावी लागते, तेव्हाच पुढची चाकं जोर लावतात. चंपतरावांना हे माहीत नव्हतं. ते हळहळत म्हणाले, "फोर-व्हील तं मेली हो मधुभाऊ. इंजिनातबी दम नाही राह्यला वाटते. मी काहून घेऊ मंग?"

बेत पूर्ण झाला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. कोणाचा तरी ट्रॅक्टर आला असता, ओढून काढलं असतं, आणि संध्याकाळी गाडी माझ्या दारात आली असती. पण "दम नाही" हा शब्द माझ्या कानात शिरला आणि माझं डोकंच फिरलं. मी पांढऱ्या पँटीने चिखलात उतरलो, दोन्ही चकत्या फिरवल्या, चंपतरावांना बाजूच्या सीटवर सरकवलं आणि गाडी एका दमात बाहेर काढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी वळवून पुन्हा त्याच चिखलात घातली आणि पुन्हा काढली. मग बांधावर उभा राहून त्यांना ऑइल, फिल्टर, दोन सण, सकाळचं गरम करणं, सगळं समजावून सांगितलं. चंपतराव शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग देऊनच टाका जी. अशी राखलेली गाडी मले कुठं भेटते?"

गाडी घेऊन मी परत आलो. पुढच्या आठवड्यात द्यायची असं ठरलं. कामिनीने माझ्या पँटीकडे पाहिलं आणि बादली पुढे केली. गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझी सही लागेल. कागद सोबत जोडला आहे, खूण केलेल्या जागी सही करून पाठवून दे. गुडघ्यांना जप. मिनलला आशीर्वाद.

तुझा,
मधुसूदन

ता. क. कागद पाकिटात शोधत बसू नकोस. मी तो टाकलेला नाही, आणि विसरलेलोही नाही.

आणखी एक ता. क. हे आता लिहितो, कारण हेच लिहायला बसलो होतो. मिनल सांगते की तू नाशिकला दिवसदिवस खोलीबाहेर येत नाहीस, आणि कुठल्याच गाडीची किल्ली तर हातात घेत नाहीस. मला तुझी काळजी वाटते ताई. म्हणून माझी एक अट आहे, धाकटा असलो तरी आहे. सही करायला तू नागपूरला ये. गाडी द्यायचीच असेल तर इथून भिवापूरपर्यंत तू चालवत ने. बाजूची सीट आपण रिकामी ठेवू, मी मागे बसेन आणि डबे धरीन. तिथे उतरून किल्ली तू तुझ्या हाताने चंपतरावांना दे. देता आली तर मी एक शब्दही बोलणार नाही.

हे चंपतरावांनाही फोन करून कळवलं आहे. ते म्हणाले, "बाई सोता चालवत येऊन राह्यल्या तं गाडी काही मले भेटत नाही, समजलं मले. पण या जी. जेवूनच जा."