टीप वाकडी जायची म्हणून

प्रिय ताई,

परवा जुना कोट उसवायला घेतला आणि हात आपोआप बाबांच्या पद्धतीनं चालू लागले. धागा ओढायचा नाही, थोडे थोडे टाके सोडून एकेक कापायचा, मग शिवण आपणहून उघडते. दुकानात नव्यानं येणाऱ्याला बाबा कात्री द्यायचेच नाहीत. आधी कितीतरी महिने नुसतं उसवायचं. शिवलेलं कसं असतं ते कळल्याशिवाय शिवू नये, म्हणायचे. तू खिडकीखालच्या बाकावर उसवत असायचीस, मी शेजारी बसून मोठ्यानं इतिहास घोकायचे आणि तू तोंडात टाचण्या धरून माझ्या चुका काढायचीस. पुस्तक माझ्या हातात, पाठ तुला.

लोक अजून म्हणतात, धाकटी हुशार म्हणून शिकली. खरं आपल्यालाच ठाऊक. माझी टीप सारखी वाकडी जायची, तेव्हा एक दिवस बाबा वैतागून म्हणाले, "हिला कॉलेजात घाला, इथे नुसतं कापड नासतेय." तू हसलीस, मीही हसले, आणि दोघींचंही ठरून गेलं.

पदवीनं मला काय दिलं, हे मी अधूनमधून स्वतःला विचारते. बरी नोकरी, वाचनाची गोडी, कमी नाही. पण मी केलेलं काम अंगावर घालून कोणी मिरवत नाही, तुझं मिरवतात. याचा हेवा वाटतो. मग वाटतं, नोकरी पक्की आहे म्हणूनच हा हेवा परवडत असेल.

माझ्या लेकीनं तुझ्याकडे शिवण शिकायला येते म्हणून फोन केला, तर तू म्हणालीस, "आधी पदवी घे, मग बघू." ती रडली. मला आधी हायसं वाटलं, नंतर तुझा तो आवाज काही डोक्यातून जाईना. कॉलेजचे प्रवेश या आठवड्यात बंद होतील आणि ती तुझ्या होकारासाठी अर्ज न भरता अडून बसलीय. ताई, तेव्हा तुलाही कॉलेजला जायचं होतं का? आपल्या घरात तुला हे कोणी विचारलंच नाही. जायचं होतं, तर तिला तसं सांग, तुझं ती ऐकेल. नव्हतं, तर तिला ठेवून घे. फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिलं. तूही लिहूनच कळव.

उत्तराची वाट बघणारी,
तुझीच धाकटी